यंत्राची पुस्तिका आणि तिची दुरुस्ती

वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली अवजारे पाहिली, तर त्यांपैकी एकाहीबरोबर छापील पुस्तिका आलेली नव्हती, असे दिसून येईल. तिफणीच्या फणांत अंतर किती ठेवावे, वखराची पास किती झिजली म्हणजे ती लोहाराकडे न्यावी, सरत्यातून दाणा कोणत्या गतीने सोडावा, हे सारे ज्ञान सुताराच्या हातात, लोहाराच्या भात्याशी आणि पेरणाऱ्या बाईच्या बोटांत साठविलेले असे. जमीन भारी असली तर सुतार न सांगता फणाचा कोन बदलून देई. पुस्तिकाच नसल्यामुळे ती जुनी होण्याचा प्रश्नही उद्‌भवत नसे.

आज परिस्थिती पालटली आहे. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील मध्यम शेतकऱ्याकडे किंवा त्याच्या गटाकडे ट्रॅक्टर, रुंद वरंबा सरी पेरणीयंत्र, बॅटरीवरील फवारणी पंप, विहिरीवर सौर पंप, आणि काही ठिकाणी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली लहान दालमिल अशी यंत्रे आढळतात. प्रत्येक यंत्राबरोबर कागद येतात. त्यांपैकी काही पुस्तकरूपाने येतात, काही यंत्राच्या पत्र्यावर चिकटविलेले असतात, तर काही आता कागदच नसतात. खोक्यावरील चौकोनी ठिपक्यांच्या चिन्हावर मोबाईल धरला म्हणजे ते पडद्यावर उमटतात. हे कागद नीट ठेवावेत असा उपदेश पुष्कळ ठिकाणी केलेला असतो. परंतु नीट ठेवलेला कागदही काळाच्या ओघात खोटा ठरू शकतो, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. प्रस्तुत लेखात विशेषेकरून याच बाबीचा विचार करावयाचा आहे.

दोन कागद, एकमेकांस अनोळखी

सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विषबाधेच्या घटना अकोला व अमरावती या जिल्ह्यांतही घडल्या. चौकशीसाठी अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली शासनाने विशेष तपास पथक नेमले होते. त्या वर्षी डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारण्याची रीत, संरक्षक कपड्यांचा अभाव आणि बाजारात नव्याने आलेले जास्त दाबाचे पंप अशी अनेक कारणे पुढे आली. पुस्तिका अद्ययावत असत्या तर हे सर्व टळले असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि एक गोष्ट त्या प्रसंगाने उघड केली. औषधाच्या खोक्यातील माहितीपत्रक पंपाला ओळखत नाही आणि पंपाची पुस्तिका औषधाला ओळखत नाही. पंप बदलला तरी मात्रा जुन्याच पंपाची राहते. औषध बदलले तरी पंपाची तोटी जुन्याच औषधासाठी निवडलेली असते. दोहोंची सांगड घालण्याचे काम बांधावर उभ्या असलेल्या माणसावर पडते, आणि त्याच्या हाती बहुधा दोन्हीपैकी एकही कागद नसतो.

कीटकनाशकांविषयीचे कागद तर विशेष लवकर जुने होतात. कीटकनाशक अधिनियम १९६८ अन्वये कोणते औषध, कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत वापरावयाचे, हे केंद्रीय स्तरावरील नोंदणी समिती ठरविते. फरीदाबाद येथून प्रसिद्ध होणाऱ्या तिच्या यादीवर ‘अमुक तारखेपर्यंत’ असा स्पष्ट उल्लेख असतो. ही तारीख शोभेची नव्हे. सन २०१८ च्या आदेशानुसार एकंदर १८ कीटकनाशकांवर बंदी आली. त्यांपैकी फोरेट, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन, डायक्लोरव्हॉस यांसह सहांची बंदी ३१ डिसेंबर २०२० पासून अंमलात आली. पुढे २०२३ च्या आदेशाने डायकोफॉल, डिनोकॅप व मेथोमिल हीही गेली. या प्रत्येक तारखेच्या दिवशी खेड्यापाड्यांतील हजारो छापील पत्रके एका रात्रीत चुकीची झाली. परंतु ती भिंतीवर होती तशीच राहिली.

येथे स्वतःच्या हातून घडलेली चूक सांगणे इष्ट वाटते. गेल्या खरिपात एका गावी सोयाबीनच्या शेतीशाळेत मी चाळीस घडीपत्रिका वाटल्या. कार्यालयाच्या कपाटातील गठ्ठ्यातून त्या मी स्वतःच घेतल्या होत्या. छपाई सुबक होती, किडींची रंगीत चित्रे होती, म्हणून आत काय लिहिले आहे ते पुन्हा वाचून पाहण्याची तसदी मी घेतली नाही. सभा संपत आली असता मागे बसलेले एक वयोवृद्ध शेतकरी पत्रिका डोळ्यांजवळ धरून म्हणाले, “सायेब, चक्रीभुंग्यासाठी हे ट्रायझोफॉस लिवलं हाय. दुकानदार त म्हनते, हे कवाचंच बंद झालं. मंग आमी कोनाचं आयकाव?” पत्रिकेच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत छपाईचे वर्ष होते; ते बंदीच्या आधीचे होते. मी लगेच पत्रिका परत मागितल्या. एकतीस परत आल्या. नऊ जण तोपर्यंत उठून गेले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांपैकी सहा मिळविल्या. उरलेल्या तीन कोणाच्या घरात, कोणत्या खुंटीला आहेत, हे मला आजही ठाऊक नाही. तात्पर्य, ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने दुसऱ्याची पुस्तिका तपासण्यापूर्वी आपले कपाट तपासावे.

पंप बदलल्यावर मात्रा कशी पडताळावी

पुस्तिकेतील आकडा आपल्या यंत्राला लागू आहे की नाही, हे ठरविण्याची कसोटी शेतातच असते. तिच्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. मोजमाप केलेले एक भांडे, दोरी आणि अर्धा तास पुरे. आपल्याकडील गुंठा ही मोजणी या कामी फार सोयीची आहे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. तेव्हा गुंठ्यावर जे मोजले त्याला ४० ने गुणले की एकराचा हिशेब हाती येतो.

पिकात दोरीने एक गुंठा आखून घ्यावा. पंपाच्या टाकीत केवळ स्वच्छ पाणी ठराविक खुणेपर्यंत भरावे. नेहमी ज्या चालीने व ज्या उंचीवरून फवारणी करतो त्याच रीतीने हा गुंठा फवारावा. मग टाकी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरावी व किती लिटर पाणी लागले ते मोजावे. समजा ५ लिटर लागले, तर त्या पंपाने, त्या चालीने, त्या पिकात एकरी २०० लिटर पाणी पडते. हेक्टरी हे सुमारे ५०० लिटर होते, आणि पाठीवरील हातपंपासाठी दिलेल्या बहुसंख्य शिफारशी याच प्रमाणावर बसविलेल्या आहेत.

आता माहितीपत्रकात हेक्टरी ५०० मिलिलिटर, म्हणजे एकरी २०० मिलिलिटर औषध सांगितले आहे असे समजू. हातपंपाला १० लिटर पाण्यात १० मिलिलिटर हे बरोबर ठरते. त्याच शेतकऱ्याने बॅटरीचा नवा पंप घेतला. त्याची तोटी बारीक फवारा देते आणि गुंठ्याला साडेतीनच लिटर पाणी लागते. म्हणजे एकरी १४० लिटर झाले. त्याने जुन्याच सवयीने १० लिटरला १० मिलिलिटर टाकले, तर एकरी केवळ १४० मिलिलिटर औषध पडेल. कीड मरत नाही, मग ‘औषध बोगस निघाले’ असे म्हणून तो आठ दिवसांत पुन्हा फवारतो, आणि या खेपेला दुसरे एखादे औषधही मिसळतो. वास्तविक त्याला १० लिटरला सुमारे १४ मिलिलिटर हवे होते. याउलट एखाद्या पंपाची तोटी तीन हंगाम वापरून झिजली आहे व गुंठ्याला ७ लिटर पाणी जाते, असे निघाले, तर एकरी २८० लिटर पाण्याबरोबर २८० मिलिलिटर औषध जाईल. हे शिफारशीच्या दीडपटीस पोहोचू लागले. पैसा गेला तो गेलाच. शिवाय जास्तीचे विष फवारणाऱ्याच्या अंगावर आणि बोंडावर पडले.

पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाला पाणी फार कमी लागते. म्हणून ‘पॉवर पंपासाठी औषधाचे प्रमाण तिप्पट घ्यावे’ अशी ओळ पुष्कळ पत्रकांच्या शेवटी असते. ही ओळ बॅटरी पंपाला लावणारे शेतकरी मी पाहिले आहेत, कारण बोलीत दोघांनाही ‘पॉवरचा पंप’च म्हणतात. ओळ छापली गेली तेव्हा बॅटरीचे पंप प्रचारात नव्हते. शब्द तोच राहिला आणि त्याखालची वस्तू बदलली. पुस्तिका जुनी होण्याचा हा प्रकार सर्वांत फसवा होय, कारण पानावर काहीच चुकलेले दिसत नाही. गुंठ्याची चाचणी केली म्हणजे तिप्पट, दीडपट या वादात पडण्याचे कारण उरत नाही. चाचणीत निघालेला आकडा तारखेसह पंपाच्या टाकीवर पक्क्या रंगाने लिहून ठेवावा. तोटी नवी असताना एका मिनिटात किती पाणी जाते तेही मोजून ठेवावे. पुढे ते एक दशांशाने वाढले की तोटी बदलावी.

पेट्रोल पंपांच्या बाबतीत तेलाचाही घोटाळा होतो. दोन ठोक्यांच्या इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. काही इंजिनांना २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर लागते. काहींना ५० भागांना १ भाग, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर पुरते. चार ठोक्यांच्या इंजिनाच्या पेट्रोलमध्ये तेल मुळीच मिसळावयाचे नसते. बाहेरून तिन्ही पंप सारखेच दिसतात. शेजाऱ्याच्या पंपाची पुस्तिका वाचून आपल्या पंपात तेल घालणे म्हणजे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आपले औषध आणण्यासारखेच आहे.

पेरणीयंत्रावरील तक्ता

सोयाबीनचे बियाणे साध्या पेरणीस हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो लागते, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. रुंद वरंबा सरी पद्धतीने किंवा टोकून लागवड केल्यास हेच प्रमाण हेक्टरी ५० ते ५५ किलोपर्यंत, म्हणजे एकरी २० ते २२ किलोपर्यंत आणता येते, असे कृषी विभाग आता सांगतो. शिफारस बदलली, पण पेरणीयंत्राच्या बियाणे पेटीवर चिकटविलेला तक्ता बदलला नाही. त्यात कोणता दाता कोठे ठेवला की किती किलो पडेल ते दिलेले असते; ते कारखान्यातील एखाद्या बियाण्यावर काढलेले असते. दाण्याचा आकार वाणागणिक बदलतो, त्यामुळे तक्ता नवा असला तरी तो अंदाजापुरताच घ्यावा.

येथेही गुंठाच उपयोगी पडतो. यंत्राचे जे चाक बियाणे सोडणारी तबकडी फिरविते, त्याचा व्यास मोजावा. तो ४० सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात चाक सुमारे १ मीटर २६ सेंटिमीटर अंतर कापते. एका सरीच्या मध्यापासून दुसऱ्या सरीच्या मध्यापर्यंत १ मीटर ८० सेंटिमीटर रुंदी असेल, तर एका फेऱ्यात सव्वादोन चौरस मीटरांहून किंचित जास्त क्षेत्र पेरले जाते. गुंठ्यात सुमारे १०१ चौरस मीटर येतात, तेव्हा ४५ फेऱ्यांत गुंठाभर पेरणी होते. यंत्र टेकूवर उचलून चाक हाताने ४५ वेळा फिरवावे, सर्व नळ्यांखाली पिशव्या बांधून पडलेले बी तोलावे. एकरी २२ किलो हवे असेल तर ५५० ग्रॅम भरले पाहिजे. प्रत्येक नळीचे वजन वेगवेगळे घेतले तर कोणती नळी कमी सोडते तेही कळते. ओल्या काळ्या जमिनीत चाक थोडे घसरते, म्हणून प्रत्यक्ष शेतात बी किंचित कमी पडेल, हेही ध्यानात ठेवावे. उगवणशक्ती सत्तर टक्क्यांहून कमी निघाली तर बियाणे वाढवावयाचे असते. त्या वेळी हीच चाचणी नव्याने करावी.

नवी आवृत्ती नेहमीच खरी काय?

आतापर्यंतच्या विवेचनावरून असा समज होण्याचा संभव आहे की, जुनी पुस्तिका फेकून नवी आणली म्हणजे काम झाले. औषधांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. तेथे शेवटची अधिकृत तारीख असलेलाच कागद मानावयाचा. यंत्रांच्या बाबतीत मात्र तसे नाही. यंत्र ज्या वर्षी घडले त्या वर्षाची पुस्तिका त्याला लागू पडते, मग ती कितीही जुनी असो.

ट्रॅक्टरचे उदाहरण घ्यावे. पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराविषयीचे अधिक कडक मानक लागू झाले. त्यासाठी अनेक इंजिनांत डिझेल फवारण्याची रचनाच बदलली व तिचे नियंत्रण विजेच्या यंत्रणेकडे गेले. बनावटीचे नाव व रंग मात्र पुष्कळदा पूर्वीचेच राहिले. जुन्या इंजिनात हवा अडकली म्हणजे गावचा मिस्त्री डिझेलच्या नळीची चुडी सैल करून, इंजिन फिरवून हवा काढतो. जुन्या पुस्तिकेतही तसेच सांगितलेले असते. नव्या उच्चदाबाच्या रचनेत चालू इंजिनाची नळी सैल करणे जिवावर बेतू शकते, कारण त्या दाबाने उडालेले डिझेल कातडी भेदून आत शिरते. याउलट नव्या पुस्तिकेत सांगितलेले विशिष्ट तेल जुन्या इंजिनात घालण्याचे कारण नसते. म्हणून दुकानदार अथवा मिस्त्री कोणतीही पुस्तिका पुढे करो, प्रथम तिच्या आरंभी दिलेले सांगाडा क्रमांक किंवा इंजिन क्रमांक आपल्या यंत्राशी ताडून पाहावेत. खरेदीपूर्वी यंत्राविषयी तटस्थ माहिती हवी असल्यास मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेचे अहवाल पाहावेत. १९५५ साली सुरू झालेल्या या संस्थेत यंत्रे मोजून पाहिली जातात, आणि कारखान्याने सांगितलेला आकडा व प्रत्यक्ष आढळलेला आकडा शेजारी शेजारी दिलेला असतो.

मोजमापांचा प्रश्न तर आपल्या वडीलधाऱ्यांनीही अनुभविला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. १९५६ च्या कायद्यान्वये दशमान वजने-मापे टप्प्याटप्प्याने सक्तीची होत १९६२ पर्यंत शेर, मण, पौंड, गॅलन हे व्यवहारातून गेले. त्या काळी फवारणीच्या पत्रकांत शंभर गॅलन पाण्यात एक पौंड भुकटी अशा शिफारशी असत. ते गॅलन साडेचार लिटरांहून थोडे मोठे. तेव्हा हे प्रमाण जवळजवळ लिटरला एक ग्रॅम होते. ती पत्रके आता संग्रहातच सापडतील. परंतु मोबाईलवर परदेशी यंत्राची पुस्तिका उघडली की गॅलन पुन्हा भेटतो, आणि अमेरिकेचा गॅलन पावणेचार लिटरांचाच आहे. दाबाचा आकडाही तेथे दर चौरस इंचाला पौंड असा असतो. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे सुमारे १४ पौंड, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक गटाने किंवा अवजार बँकेने यंत्रांची एक जाड पुठ्ठ्याची नोंदवही ठेवावी. प्रत्येक यंत्राला दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर यंत्राचे नाव, बनावट, वर्ष, क्रमांक, खरेदीची पावती कोठे आहे, पुस्तिका कोणत्या आवृत्तीची आहे व तिची दुसरी प्रत कोणाकडे आहे, हे लिहावे. उजवे पान कोरे सोडावे. त्यावर तारीखवार बदल लिहावयाचे. तोटी बदलली, तक्ता चुकीचा आढळला, कंपनीच्या माणसाने नवा भाग बसविला, अशा सर्व गोष्टी तेथे याव्यात, आणि प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याची सही असावी. ‘कोणीतरी सांगितले’ अशी नोंद करू नये.

पुस्तिकेतील चुकीचा मजकूर खोडताना तो गिरवून काळा करू नये. त्यावर एकच आडवी रेघ ओढावी, शेजारी योग्य मजकूर व तारीख लिहावी. जुना आकडा वाचता येणे आवश्यक असते, कारण पुढे भांडण किंवा अपघात झाला तर पूर्वी काय छापले होते हे दाखवावे लागते. शुद्धिपत्र आले तर ते त्याच पानाला चिकटवावे, शेवटी नव्हे. शेवटच्या पानावरील शुद्धिपत्र कोणीही वाचत नाही. पुस्तिका इंग्रजीत वा हिंदीत असेल तर कार्यकर्त्याने आवश्यक भागाचा मराठी अर्थ लिहून चिठ्ठी चिकटवावी, पण त्या चिठ्ठीवरही मूळ पान व आवृत्ती यांचा उल्लेख करावा. अन्यथा मूळ पान बदलते आणि चिठ्ठी चिरंजीव होते.

आपल्या जमिनीचा अनुभव निराळा लिहावा. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यातील पाणी आणि मोर्शी-वरुडच्या संत्राबागांतील पाणी एकसारखे नाही. खाऱ्या पाण्याने पंपाचे पितळी व लोखंडी भाग लवकर खराब होतात, तेव्हा पुस्तिकेतील सफाईचा कालावधी तेथे कमी करावा लागतो. हे ज्ञान कारखान्याजवळ नसते. ते नोंदवहीत यावे, पण ‘आमचा अनुभव’ असे स्पष्ट शीर्षक देऊन, म्हणजे त्यात व छापील सूचनेत गल्लत होणार नाही.

मोबाईलवरील पुस्तिकांविषयी थोडे. दुवा आणि प्रत या दोन भिन्न वस्तू आहेत. दुवा उघडला की कंपनीने आज जे ठेवले आहे ते दिसते. ते कदाचित पुढील वर्षीच्या यंत्राचे असेल. उतरवून ठेवलेली प्रत बदलत नाही, पण ती जुनी झाल्याचे सांगतही नाही. म्हणून यंत्र घेतले त्याच दिवशी प्रत उतरवून घ्यावी व तिच्या नावातच यंत्राची बनावट, आवृत्ती आणि उतरविल्याची तारीख घालावी. ती दोन जणांच्या मोबाईलमध्ये असावी, कारण मोबाईल पाण्यात पडतो, विकला जातो, मुलाबरोबर पुण्याला जातो. ज्या पानांची बांधावर गरज पडते, तेवढी छापून प्लास्टिकच्या पिशवीत यंत्राजवळ ठेवावीत. भर पावसात, औषधाने माखलेल्या हाताने मोबाईल चाळता येत नाही. समूहांतून फिरणाऱ्या चित्रांवर तारीख व प्रकाशकाचे नाव नसेल तर ती कितीही उपयुक्त वाटली तरी नोंदवहीत घेऊ नयेत. विद्यापीठाची कृषी संवादिनी दरवर्षी निघते आणि चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त समितीच्या शिफारशीही दरवर्षी येतात. तेव्हा पडताळ्यासाठी साधन नाही अशी सबब सांगता येणार नाही. फवारणीचे ड्रोन वापरणाऱ्या बचत गटांना हे सारे अधिकच लागू आहे. ड्रोनची संगणकीय आज्ञावली बदलली की पुस्तिकेतील पायऱ्याही बदलतात, आणि एकरी सुमारे १० लिटर पाण्यात फवारताना मात्रेतील चूक हातपंपापेक्षा कितीतरी तीव्र ठरते.

औषधाच्या माहितीपत्रकाबाबत एक सूचना कधीही विसरू नये. हंगाम संपेपर्यंत ते मजुराच्या हाती लागेल अशा जागी, परंतु लहान मुलांपासून दूर ठेवावे. विषबाधा झाली तर रुग्णाबरोबर तेच पत्रक व डब्यावरील चिठ्ठी डॉक्टरांकडे न्यावी. उतारा कोणता द्यावयाचा हे औषधाच्या जातीवर अवलंबून असते, आणि ते त्या कागदावर लिहिलेले असते. दोन औषधे मिसळली असतील तर दोन्ही पत्रके न्यावीत.

पडताळणीला दोन वेळा सोयीच्या आहेत. अक्षय तृतीयेच्या सुमारास अवजारे बाहेर काढून दुरुस्त केली जातात; त्याच दिवशी पेरणीयंत्राचा तक्ता व ट्रॅक्टरची पुस्तिका नोंदवहीशी ताडावी. दुसरी वेळ पोळ्याच्या आधीची. त्यानंतर कपाशी वाढते व फवारणीला जोर येतो, तेव्हा पंपाची गुंठ्यावरील चाचणी व औषधांच्या यादीची तारीख त्यापूर्वी तपासली जावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने याच दोन वेळी आपल्या कपाटातील पत्रके काढून, प्रत्येक गठ्ठ्यावर ‘तपासले’ किंवा ‘रद्द’ असे लिहून तारीख घालावी. रद्द झालेले गठ्ठे रद्दीवाल्यास देण्यापूर्वी मधोमध फाडावेत. तसे न केल्यास ती पत्रके भज्यांच्या पुड्या होऊन बाजाराच्या दिवशी गावात परत येतात, आणि भजी खाता खाता कागदावरची मात्रा वाचणारा कोणी ना कोणी असतोच.